रात्रीच्या पाण्याची सोबतीण : लिथियम सेलची छोटी विजेरी



ऊस तहानला म्हणजे त्याला पाणी पाहिजे, आणि पाणी द्यायचे म्हणजे लाईट पाहिजे. लाईट कधी येती आणि कधी जाती हे काही आपल्या हाती नाही. आपल्या सोनपेठ तालुक्यातल्या खडका बंधाऱ्याचे पाणी परळीच्या औष्णिक केंद्राला वीज करण्यासाठी दिले गेले आहे. इतकी वीज शेजारी तयार होत असली तरी शेतीपंपाला ती पाळीनेच मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली आणि २०२३ साली तिचा दुसरा टप्पा आला. ज्या फीडरवर त्यामुळे दिवसाची वीज मिळू लागली तिथला शेतकरी सुखाने झोपतो. बाकीच्यांना मात्र अजून रात्री दोन वाजता स्टार्टर दाबून, हातात खोरे घेऊन दांडाच्या कडेने उसात शिरावेच लागते.

अशा वेळी एका हातात खोरे आणि दुसऱ्या हातात विजेरी असते. त्या विजेरीबद्दल चार गोष्टी सांगाव्यात म्हणून हा लेख आम्ही लिहीत आहोत. विषय दिसायला लहान आहे. पण पुढच्या पावलावर काय आहे हे दिसणे आणि न दिसणे यात कधी कधी जिवाचे अंतर असते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. वर्षाला सरासरी ५८,००० माणसे! त्यातली बहुतेक खेड्यांतली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप आपल्याकडचे मुख्य विषारी. त्यांपैकी मण्यार तर रात्रीच फिरते.

जुनी बॅटरी आणि नवी विजेरी

आपल्याकडे विजेरीला सरसकट ‘बॅटरी’ म्हणतात आणि आतल्या सेललाही काही जण बॅटरीच म्हणतात. घोटाळा नको म्हणून या लेखात हातात धरायची ती विजेरी आणि आत घालायचा तो सेल, असे आम्ही म्हणू.

दोन किंवा तीन जाड सेलची पितळी विजेरी जुन्या सभासदांना आठवत असेल. एकेक सेल दीड व्होल्टचा. पुढे काचेचा बल्ब, त्यात बारीक तार. तार तापून लाल-पिवळी झाली की उजेड पडे. सेलमधली बहुतेक शक्ती ती तार तापवण्यातच जाई, उजेडाच्या वाट्याला थोडीच येई. चार-सहा रात्रींत उजेड पिवळा पडे, मग सेल काढून उन्हात ठेवायचे आणि पुन्हा दोन रात्री रेटायचे. आणि सेल आत विसरला तर पाणी सुटून विजेरीच गंजायची.

दोन शोधांनी हे सारे बदलले. पहिला एलईडीचा. लाल एलईडी १९६२ साली निघाला होता, पण पांढऱ्या उजेडासाठी निळा एलईडी लागतो आणि तोच जमत नव्हता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये तो जमला. निळ्या एलईडीवर पिवळ्या द्रव्याचा लेप दिला की पांढरा उजेड मिळतो. या कामाबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरा शोध लिथियम-आयन सेलचा. तो १९९१ साली सोनी कंपनीने बाजारात आणला. त्यामागे ज्यांचे संशोधन होते त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या बोटाएवढ्या विजेरीत असे दोन नोबेल बसलेले आहेत!

आत काय असते?

बाजारात मिळणाऱ्या छोट्या विजेऱ्यांत बहुधा जो लिथियम सेल असतो त्याला १८६५० म्हणतात. हा त्याच्या मापाचाच आकडा आहे. जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, आणि शेवटचे शून्य म्हणजे गोल नळीचा आकार. याचा सरासरी दाब ३.६ ते ३.७ व्होल्ट. पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, आणि ३ व्होल्टच्या आसपास आला की तो रिकामा समजावा. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात. म्हणून एकाच लिथियम सेलवर विजेरी चालते, तिथे जुन्या पद्धतीचे दोन-तीन सेल लागत.

किती तास चालेल याचा हिशेब सोपा आहे. सेलवर २५०० मिलिॲम्पिअर-तास असे लिहिले आहे, म्हणजे अडीच ॲम्पिअर-तास. त्याला ३.६ ने गुणले की ९ वॉट-तास येतात. विजेरी एक वॉट खात असेल तर तूट धरून आठ तास, म्हणजे जवळजवळ रात्रभर. तीच विजेरी तीन वॉटच्या प्रखर उजेडावर ठेवली तर अडीच तासांत संपेल. म्हणून रात्रभराच्या पाण्याला मंद उजेड वापरावा. प्रखर उजेड लांबचे पाहायला, तोही क्षणभर. मंद उजेडाने डोळेही दिपत नाहीत आणि उजेडाच्या बाहेरची हालचाल दिसते.

खर्च म्हणाल तर असा सेल एकदा भरायला, चार्जरमधली तूट धरूनही, बारा-तेरा वॉट-तास वीज लागते. एका युनिटमध्ये तो ७० ते ८० वेळा भरता येतो. चांगला सेल नीट वापरला तर तीनशे ते पाचशे वेळा भरला-रिकामा झाला तरी काम देतो.

सेलही काट्यावर घाला

उसाच्या वजनकाट्याबाबत आपण किती जागरूक असतो! मग सेल घेताना तीच जागरूकता का नसावी? बाजारात ९९०० किंवा १२००० मिलिॲम्पिअर-तास असे छापलेले १८६५० सेल मिळतात. ते आकडे खोटे आहेत. नामांकित कंपन्यांचे या मापाचे सेल साधारण २००० ते ३५०० चे असतात. आठवडी बाजारातला सेल तिप्पट कुठून भरणार?

खऱ्याखोट्याची एक सोपी परीक्षा आहे. अस्सल १८६५० सेलचे वजन ४५ ते ५० ग्रॅम असते. नकली सेल पुष्कळदा त्याहून बराच हलका भरतो. काही नकली सेलमध्ये आत लहान सेल घालून बाकी पोकळी भुकटीने भरलेली असते. सोनाराच्या काट्यावर एक मिनिटात निकाल लागतो. काट्यावर वजन भरले म्हणजे सेल चांगलाच आहे असे नाही, पण वजनात मार खाल्ला तर तो घेऊच नये.

दुसरी खूण शिक्क्याची. अशा सेलसाठी भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. सेलवर किंवा वेष्टनावर आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा. पावती मागावी. जुन्या लॅपटॉपच्या पेटीतून काढून नवे रंगीत वेष्टन चढवलेले सेलही विकले जातात. वर चकचकीत, आत म्हातारा!

चार जागी घात होतो

पहिली जागा, सारखा दिसणारा सेल. आपल्या पेन्सिल सेलएवढाच एक लिथियम सेल मिळतो, त्याला १४५०० म्हणतात. माप तेच, पण दाब दीडऐवजी ३.७ व्होल्ट. तो दीड व्होल्टच्या विजेरीत घातला तर क्षणभर लखलखाट होईल आणि मग कायमचा अंधार. रेडिओत किंवा भिंतीवरच्या घड्याळात घातला तर तेही जळेल. उलट हा सेल साध्या पेन्सिल सेलच्या चार्जरमध्ये कधीही लावू नये. घरात दोन्ही प्रकार असतील तर लिथियम सेलवर लाल रंगाची पट्टी मारून ठेवावी.

दुसरी जागा, दुरुस्तीची. भिंतीच्या प्लगात थेट खोचायच्या ज्या स्वस्त विजेऱ्या मिळतात त्यांतल्या बऱ्याच विजेऱ्यांत ४ व्होल्टची शिशाची बॅटरी असते. ती बसली की दुरुस्तीवाला म्हणतो, “काका, लिथियमचा सेल टाकून देतो, डबल चालंल.” उजेड पडतो, म्हणून आपणही खूश होतो. पण आतली चार्जिंगची व्यवस्था शिशाच्या बॅटरीसाठी केलेली असते. लिथियम सेल ४.२ व्होल्टला थांबवावा लागतो. ती व्यवस्था तिथे थांबत नाही, पुढेही भरतच राहते. सेल तापतो, फुगतो, पेटूही शकतो. सेल बदलायचा तर चार्जिंगची पट्टीही लिथियमचीच बसवून घ्यावी, नाहीतर त्या विजेरीला रामराम ठोकावा. शिवाय या प्लगवाल्या स्वस्त विजेऱ्यांमध्ये घरातली २३० व्होल्टची वीज पुरती वेगळी केलेली नसते. चार्जिंगला लावलेली असताना ओल्या हाताने बटण दाबू नये, उघडून तर मुळीच पाहू नये.

तिसरी जागा, फाटलेले वेष्टन. लिथियम सेलच्या वरच्या टोकाला मधोमध धन बाजू असते, पण त्याभोवतीचा काठ आणि सगळे अंग ही ऋण बाजू. मध्ये फक्त प्लास्टिकचे पातळ वेष्टन आणि एक चकती. वेष्टन फाटले आणि धातू लागला की शॉर्ट. खिशात किल्ल्या आणि नाण्यांबरोबर सुटा सेल टाकला तर तेच होते आणि मांडी भाजते. सुटा सेल नेहमी प्लास्टिकच्या डबीत न्यावा.

चौथी जागा, जोडीची. दोन सेलच्या विजेरीत एक नवा आणि एक जुना सेल घालू नये. नव्या-जुन्या बैलाची जोडी जशी ओढत नाही तसेच हे आहे. जुना सेल आधी रिकामा होतो आणि नवा त्याला उलट्या दिशेने रेटतो. तिथे धोका तयार होतो. दोन सेल लागत असतील तर एकदम घेतलेले, एकाच कंपनीचे, बरोबर भरलेले असावेत. आमचा सल्ला विचाराल तर शेतासाठी एका सेलचीच विजेरी बरी.

भरण्याची रीत

विजेरी चार्जिंगला लावायची ती संध्याकाळी, माणसे जागी असताना. अंथरुणावर, उशीखाली, कापसाच्या किंवा पाचटाच्या ढिगाजवळ लावू नये. फरशीवर किंवा दगडावर ठेवावी. आखाड्यावर पेट्रोल किंवा डिझेलचा कॅन असेल तर त्यापासून लांब. दिवा हिरवा झाला की काढून घ्यावी. मोबाईलचा पाच व्होल्टचा चार्जर विजेरीच्या भोकात लावला तर चालतो, कारण आतली पट्टी त्यासाठीच असते. पण ट्रॅक्टरच्या बारा व्होल्टच्या बॅटरीला किंवा सौर पत्र्याला सुट्या तारा जोडून सेल भरण्याचा उद्योग करू नये.

उन्हाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर तापला असताना भरू नये असा दंडक आहे. मे महिन्यात परभणी जिल्ह्यात सावलीतच पारा ४२ च्या वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये आणि ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये किती होत असेल? उन्हाळ्यात विजेरी माठाशेजारच्या गार कोपऱ्यात ठेवावी आणि ऊन उतरल्यावर भरावी.

लिथियम सेल पुरता मरेपर्यंत वापरू नये. उजेड एकदम मंद झाला किंवा विजेरी आपोआप लुकलुकू लागली की तो इशारा समजून बंद करावी. मोटार वायंडिंग करणाऱ्याकडे मीटर असतोच. सेल काढून मोजून घ्यावा. ४.२ म्हणजे पूर्ण, ३.७ च्या आसपास म्हणजे थोडाफार शिल्लक, ३ म्हणजे रिकामा. अडीचच्या खाली जाऊन बरेच दिवस पडून राहिलेला सेल पुन्हा भरण्याच्या भानगडीत पडू नये. त्याच्या आत बिघाड झालेला असतो.

विजेरी दोन-तीन महिने लागणार नसेल तर सेल अर्धा भरून, बाहेर काढून ठेवावा. शिशाच्या बॅटरीची सवय याच्या नेमकी उलट, ती भरूनच ठेवावी लागते. दोन्हींना एकच नियम लावल्यामुळे पुष्कळ विजेऱ्या वर्षाच्या आत बसतात आणि दोष मात्र दुकानदाराला जातो.

सेल फुगला, त्याला गोडसर उग्र वास आला किंवा भरताना हात लावता येणार नाही इतका तापला तर मेन स्विच बंद करून चार्जर काढावा आणि सेल उघड्यावर, माणसांपासून दूर ठेवावा. पेटलाच तर धूर छातीत घेऊ नये, तो विषारी असतो. वीज बंद असल्याची खात्री करून लांबून भरपूर पाणी मारावे, म्हणजे आग शेजारी पसरत नाही.

शेतात वापरताना

उजेड लांब टाकण्यापेक्षा पायाच्या दोन पावले पुढे टाकावा. दुसऱ्या हातात काठी असावी, पायात गमबूट असावेत. दांड फोडताना, पाचट उचलताना, स्टार्टरच्या पेटीत हात घालताना आधी उजेड, मग हात. दोन्ही हात मोकळे हवेत तर डोक्याला बांधायची विजेरी घ्यावी. पहाटेच्या अंधारात कोयता चालवणाऱ्या तोडणी टोळ्यांना तर तीच सोयीची. विंचवाची भीती असेल त्यांच्यासाठी एक गंमत सांगतो. जांभळ्या, म्हणजे अतिनील उजेडाच्या विजेऱ्या मिळतात, त्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. आखाड्यावर निजण्यापूर्वी कोपरे पाहून घ्यायला ती बरी. मात्र तो उजेड डोळ्यांत पाडू नये.

आणि एवढे करूनही साप चावलाच तर चिरा देणे, दोरी आवळणे, मांत्रिकाकडे नेणे यात वेळ घालवू नये. माणसाला शांत ठेवावे, चावलेला भाग हलू देऊ नये, १०८ क्रमांकाला फोन करून सरळ सरकारी रुग्णालय गाठावे. सर्पदंशावर प्रतिविष हेच औषध.

गळीत हंगामात रात्री रस्त्यावर उसाच्या टायरगाड्या आणि ट्रॉल्या असतात. मागच्या बाजूला रेडियमची पट्टी हवीच, शिवाय लुकलुकणारी एक लाल विजेरी बांधली तर मागून येणाऱ्याला ती लांबूनच दिसते. गाडी उभी असेल तेव्हा तर ती विसरू नये.

मेलेल्या सेलचे काय करावे?

दांडात, विहिरीत, उकिरड्यावर किंवा चुलीत मुळीच टाकू नये. उकिरड्यातला सेल खताबरोबर शेतात येतो आणि चुलीतला फुटतो. २०२२ साली केंद्र सरकारने बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम केले. वापरलेले सेल गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी त्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे आणि ग्राहकाने ते इतर कचऱ्यात मिसळू नयेत असे सांगितले आहे. सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो प्लास्टिकच्या बरणीत ठेवावा आणि तालुक्याला जाताना विक्रेत्याकडे परत द्यावा. आमची एक सूचना आहे. प्रत्येक शेतकी गट कार्यालयात अशी एक बरणी ठेवावी आणि भरली की एकत्रच रीतसर पाठवावी. सेल म्हणजे नुसता कचरा नव्हे, त्यातले लिथियम, कोबाल्ट, तांबे पुन्हा उपयोगी येते. २०२३ च्या फेब्रुवारीत जम्मूच्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टन लिथियम खनिजाचा अंदाजित साठा असल्याचे जाहीर झाले, तेव्हा देशभर केवढा आनंद झाला! मग घरातल्या डब्यात पडलेले लिथियम आपण मातीत का घालावे?

जाता जाता माताभगिनींना एक सांगणे. किल्लीला अडकवायच्या इवल्याशा विजेरीत बटणाएवढे सेल असतात. लहान मूल ते गिळते. घशात अडकलेला असा सेल दोन तासांतही अन्ननलिका जाळू शकतो. असे झाल्याची शंका जरी आली तरी वाट न पाहता दवाखाना गाठावा. असे सेल मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

सभासद बंधूंनो, दिवसाची वीज सगळ्यांना मिळेल तेव्हा रात्रीची ही पायपीट संपेल. तोवर घरातून निघताना विजेरी लावून पाहावी, सेल भरलेला आहे याची खात्री करावी, आणि मगच उसाची वाट धरावी. घरची माणसे आपली वाट पाहत असतात.